कोकणातल्या कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकताय? स्पर्धा, लिटफेस्ट (साहित्य महोत्सव) आणि छापून येण्याची वाट

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणी टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) किंवा एमएला इंग्रजी घेतलं की घरचे विचारतात, "मग बीएड कधी?" बीएड कराच, त्यात काही वावगं नाही. पण त्याआधीच्या तीन ते पाच वर्षांत काय काय करता येतं हे आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. नोटीस बोर्डावर कागद लागतो तेव्हा मुदत संपायला दोन दिवस उरलेले असतात, आणि त्यातला एक रविवार. मी याच पट्ट्यात शिकले, आता ज्युनियर मुलं मला फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. प्रमाणपत्रं गोळा करू नका. तुमची म्हणावीत अशी दोन-तीन लिखाणं तयार ठेवा: एक कथा किंवा चार कविता, एक भाषांतर आणि एक बऱ्यापैकी निबंध. खाली जे जे सांगितलंय, त्यातल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी हेच लागतं.

१. कागदपत्रांचं फोल्डर आजच करा

मोबाइलमध्ये आणि ड्राइव्हवर एकाच नावाचं फोल्डर करा आणि त्यात हे ठेवा:

- चालू वर्षाचं कॉलेजचं ओळखपत्र, दोन्ही बाजू
- बोनाफाईड (ऑफिसातून मिळायला दोन-तीन दिवस जातात, आयत्या वेळी धावू नका)
- दहावीचं प्रमाणपत्र, कारण जन्मतारखेचा पुरावा म्हणून बहुतेक ठिकाणी तेच मागतात
- आधार, मागच्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, फोटो
- बँक पासबुकाचं पहिलं पान
- साठ-सत्तर शब्दांत स्वतःची ओळख, इंग्रजीत एक आणि मराठीत एक

ही ओळख लिहायला लोक कंटाळतात. "आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट लिटरेचर" असलं काही नको. गाव कुठलं, काय शिकता, काय लिहिता, एवढं पुरे. टोपणनावाने लिहीत असाल तर अर्जात खरं नावही द्या, नाहीतर बक्षिसाची रक्कम खात्यात जमा होताना घोळ होतो.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. अजूनही बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून मिळतं. ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसती अगम्य चिन्हं दिसतात.

२. पहिलं पाऊल घराजवळ

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ आणि २०२१ च्या पुरांत त्याने खूप सोसलं, तरी ते उभं आहे. सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ, मालवण इथेही जुनी वाचनालयं आहेत. तिथे वर्गणी भरून सभासद व्हा. पुस्तकं मिळतीलच, शिवाय गावात कधी कोण व्याख्यानाला येणार, कुठली कथास्पर्धा लागली, हे ग्रंथपालांना सगळ्यांच्या आधी कळतं.

कोकण मराठी साहित्य परिषद, म्हणजे आपली कोमसाप, मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये सुरू झाली. तिच्या शाखा तालुक्या-तालुक्यात आहेत. "आम्ही इंग्रजीवाले, आम्हाला तिथे कोण विचारणार?" असं म्हणून लांब राहू नका. शाखेच्या कविसंमेलनात नवीन माणसाला वाचायला मिळतं, आणि समोर बसलेले पन्नास लोक तुमची कविता ऐकताना कुठे चुळबुळ करतात हे डोळ्यांनी दिसतं. वर्गातल्या टाळ्यांतून ते कळत नाही. कोमसापने उभारलेलं मालगुंडचं केशवसुत स्मारक गणपतीपुळ्याला लागूनच आहे. देवदर्शनाला गेलात तर तासभर काढून जाऊन या. इंग्रजी सॉनेट मराठीत रुजवणारा कवी आपल्या बाजूच्या गावचा, हे परीक्षेच्या उत्तरात लिहिणं वेगळं आणि त्याच्या घराच्या ओसरीवर उभं राहणं वेगळं.

आकाशवाणीची केंद्रं रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात आहेत. नैमित्तिक उद्घोषकांसाठी अधूनमधून जाहिरात निघते. लेखी चाचणी आणि आवाजाची चाचणी असते. कथावाचन, परिसंवाद, तरुणांचे कार्यक्रम यांसाठी केंद्रावर जाऊन विचारलं तर कुणी हाकलून देत नाही.

आणि कॉलेजचं ग्रंथालय. ग्रंथपालांना एकच प्रश्न विचारा: "सर, आपलं एन-लिस्ट आहे का?" इन्फ्लिबनेटच्या या योजनेत सदस्य कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना घरबसल्या हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं वाचता येतात. कित्येक कॉलेजांनी वर्गणी भरलेली असते आणि लॉगिन मागायला कुणी येत नाही. ते नसेल तर जेस्टोर या संशोधन-लेखांच्या संकेतस्थळावर स्वतःचं मोफत खातं उघडा, महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर सगळ्यांना खुले आहेत.

३. युवा महोत्सव

आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, त्यामुळे विद्यापीठाचा युवा महोत्सव आपल्यालाही आहे. आधी झोनची फेरी इथेच होते, तिथून निवडलेले अंतिम फेरीला मुंबईत जातात. साहित्य विभागात वक्तृत्व, वादविवाद, कथाकथन, कथालेखन असे प्रकार असतात. इंग्रजी गटात आपल्याकडून स्पर्धक कमी येतात, हे नीट लक्षात घ्या. मराठी वक्तृत्वाला झुंबड असते आणि इंग्रजीला कॉलेज कुणाला तरी आयत्या वेळी धरून उभं करतं.

झोनची फेरी बहुतेकदा ऑगस्टच्या आसपास पडते, म्हणजे ऐन पावसात आणि गणपतीच्या तोंडावर. सांस्कृतिक विभागाच्या सरांना जूनमध्ये, कॉलेज उघडताच भेटा. वयाची अट साधारण २५ वर्षांच्या आतली असते, प्रवेश नियमित हवा. पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही-शिक्का लागतो.

तयारीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच बहुतेक जण हरतात. वक्तृत्वाला साधारण पाच मिनिटं असतात. पाच मिनिटांत इंग्रजीत सहाशे-साडेसहाशे शब्द होतात, त्याहून जास्त पाठ केलेत तर शेवटचा भाग गिळत बोलावा लागतो. घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्याने म्हणा. पहिली घंटा वाजली की चेहरा बदलतो, वाक्यं धावायला लागतात, परीक्षकांना ते लांबूनही कळतं. घरच्या कुणाला तरी पातेल्यावर चमचा मारायला बसवा आणि त्या आवाजानंतरही तोच वेग ठेवायचा सराव करा. उच्चारांचा बाऊ नको. ब्रिटिश किंवा अमेरिकन वळण ओढूनताणून आणलंत तर दुसऱ्या मिनिटाला ते गळून पडतं. शब्दाचा शेवट स्पष्ट म्हटला तरी पुरतं. वादविवादात संघातला एक जण बाजूने आणि एक विरुद्ध बोलतो, म्हणून जोडीदार लवकर शोधा आणि सरावात बाजू बदलून बघा.

मुंबईत जिंकलात तर पुढे राज्यपातळीवर इंद्रधनुष्य आणि मग देशपातळीवरचे आंतरविद्यापीठ महोत्सव आहेत.

४. आविष्कार, सेमिनार आणि पेपरचा बाजार

आविष्कार ही महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. त्यात भाषा, मानव्यविद्या आणि ललित कला यांचा स्वतंत्र गट असतो आणि पदवीच्या मुलांनाही भाग घेता येतो. पोस्टर करायचं, परीक्षकांना थोडक्यात समजावून सांगायचं. विषय जवळचा घ्या. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं, तो १९१६ मध्ये इथेच वारला, आणि त्याच्या या वनवासावर इंग्रजीत कादंबरी आहे. राजवाडा बघायला रिक्षाने जाता येतं. असा विषय हाताशी असताना मुलं इंटरनेटवरून व्हर्जिनिया वुल्फवरचं काहीतरी चिकटवतात, ते मला पटत नाही. दुसरा विषय: पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ मध्ये निघालं ते मराठी आणि इंग्रजी असं शेजारी-शेजारी दोन रकान्यांत. कोणासाठी काय लिहिलं, दोन्हींत फरक कुठे पडतो, हे तपासायला इंग्रजीच्या विद्यार्थ्याइतकं योग्य कोण?

एमएच्या पहिल्या वर्षी ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्ट असतो. तो एखाद्या वाचनालयाच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांची सूची करण्यात किंवा स्थानिक वृत्तपत्रात घालवता येईल का, हे विभागप्रमुखांना विचारा. नुसत्या सहीसाठी कुठेतरी नाव लावण्यापेक्षा बरं.

आता बाजाराबद्दल. "आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद" असं लिहिलेली पत्रकं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. विषय साहित्यापासून शेतीपर्यंत सगळे एकाच परिषदेत, पेपर स्वीकारल्याचं चार तासांत कळतं, आणि खाली फीचा क्यूआर कोड. असल्या ठिकाणी जाऊ नका. नियतकालिकाला आयएसएसएन असणं म्हणजे दर्जा नव्हे, तो नुसता नोंदणी क्रमांक आहे. पुस्तकांच्या आयएसबीएनचंही तेच. "यूजीसी केअर लिस्टेड" असं कुणी आजही छापत असेल तर तिथेच थांबा, कारण मान्य संशोधन-नियतकालिकांची ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. पदवीला असताना पेपर छापून येण्याची घाई कुणालाच नसते. जवळच्या कॉलेजच्या विभागीय सेमिनारमध्ये दहा मिनिटं वाचा, प्रश्न झेला, घरी येऊन पेपर दुरुस्त करा.

५. कथा-कविता कुठे पाठवायच्या

भारतातून निघणाऱ्या इंग्रजी ऑनलाइन नियतकालिकांत म्यूज इंडिया, आउट ऑफ प्रिंट (हे फक्त कथांचं), द बॉम्बे लिटररी मॅगझिन ही नावं आधी वाचायला घ्या. वाचायला म्हणतेय, पाठवायला नंतर. दोन-तीन अंक वाचल्याशिवाय त्यांना काय आवडतं ते कळत नाही. प्रत्येकाचे नियम वेगळे आणि प्रवेशिका घेण्याचे महिनेही वेगळे असतात.

बक्षिसांत कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइझ लक्षात ठेवा. फी नाही, वय १८ पूर्ण हवं, कथा अप्रकाशित आणि दोन ते पाच हजार शब्दांची. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रवेशिका घेतात. इंग्रजीत भाषांतर केलेली कथाही चालते. जगभरातून हजारो कथा येतात, तेव्हा निकालाची वाट बघत बसू नका, पण त्या निमित्ताने एक कथा नीट पुरी होते. बंगळुरूच्या टोटो फंड्स द आर्ट्सचे पुरस्कार तिशीच्या आतल्या लेखकांसाठी आहेत, त्यात इंग्रजी सर्जनशील लेखनाचा विभाग असतो. नॅशनल बुक ट्रस्टमार्फत चालणारी पीएम-युवा योजना तीस वर्षांखालच्यांसाठी. निवड झाली तर सहा महिने दरमहा ५०,००० रुपये आणि मार्गदर्शन मिळतं, इंग्रजीत किंवा मराठीतही लिहिता येतं. प्रत्येक आवृत्तीला विषय ठरलेला असतो आणि पुस्तकाचा आराखडा, नमुना प्रकरणं द्यावी लागतात. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पुस्तक निघाल्यावरचा, ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांचा, तो पुढचा विचार.

दोन गोष्टींवर मुलं हमखास अडकतात. एक, कविता आधी इन्स्टाग्रामवर टाकायची आणि मग "अप्रकाशित" म्हणून पाठवायची. बहुतेक संपादक ते प्रकाशितच धरतात. दुसरी, एकच कथा चार ठिकाणी पाठवायची आणि एका ठिकाणी स्वीकारली की बाकीच्यांना न कळवता गप्प बसायचं. एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवणं चालतं की नाही हे नियमांत लिहिलेलं असतं; चालत असेल तरी स्वीकृती आल्या दिवशी बाकीच्यांना दोन ओळींचा मेल गेलाच पाहिजे.

आणि "को-ऑथर" व्हा, हे प्रकरण. निरोप साधारण असा येतो: "अभिनंदन! तुमची कविता आमच्या राष्ट्रीय संग्रहासाठी निवडली गेली आहे." तुम्ही कविता पाठवलेलीच नसते, तुमच्या स्टेटसवरची उचललेली असते. मग पुढचा मेसेज: एका पानाचे इतके रुपये, दोन पानांचे इतके, ट्रॉफी हवी तर इतके जास्त, ऑनलाइन विक्रीसाठी उपलब्ध, को-ऑथर म्हणून ई-प्रमाणपत्र. तासाभराने परत, "आज रात्रीपर्यंत सीट रिझर्व्ह करा." पुस्तकाला जागा कसली रिझर्व्ह करायची? हा संग्रह विकत घेणारे ते आतले शंभर कवीच असतात. याने कायद्याचा भंग होत नसेलही, पण साहित्यात याला काडीची किंमत नाही. तुम्ही लिहिलेल्याचे पैसे तुम्हाला मिळावेत, निदान तुमच्याकडून जाऊ नयेत. स्पर्धेची माफक प्रवेश फी वेगळी, ती काही चांगली नियतकालिकंही घेतात. छापण्यासाठी पैसे मागितले की नंबर ब्लॉक करा.

६. भाषांतर: आपल्याकडे आहे ते

मुंबई-दिल्लीच्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यापेक्षा तुम्ही इथे दोन पावलं पुढे आहात. तुम्हाला मराठी येते, मालवणी किंवा संगमेश्वरी कानावर आहे, आणि आजीच्या तोंडचे शब्द कोशात शोधावे लागत नाहीत. देवगड तालुक्यातल्या धालवलीचे विंदा करंदीकर इंग्रजीचेच प्राध्यापक होते, त्यांनी अ‍ॅरिस्टॉटल मराठीत आणला आणि पुढे ज्ञानपीठही मिळवलं. ते इंग्रजीतून मराठीत गेले, तुम्ही उलट दिशेनेही जाऊ शकता.

सुरुवात करताना कॉपीराइटचा हिशोब समजून घ्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं हक्क राहतात. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांच्या कविता कुणीही भाषांतरित कराव्यात. पालगडचे साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखनही आता खुलं आहे. पण आरती प्रभू १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत वारसांची परवानगी लागणार. मरणोत्तर छापलेल्या लेखनाचा हिशोब प्रकाशनाच्या वर्षापासून होतो. सराव म्हणून वहीत काहीही भाषांतरित करा, छापायला पाठवताना मात्र परवानगी हवी.

ती मिळवायची कशी? पुस्तकाच्या पहिल्या पानांवर हक्क कुणाकडे ते छापलेलं असतं. प्रकाशकाला पत्र किंवा मेल करा: कुठली कथा, कुठल्या नियतकालिकासाठी, मोबदला आहे की नाही. लेखक हयात असतील तर सरळ फोन करा. आपल्या भागातले बरेच लेखक फोनवर मनापासून बोलतात, फक्त दुपारी दोन ते चार सोडून. तोंडी होकार आला तरी मेलवर लेखी घ्या.

भाषांतर झालं की मूळ मराठी न वाचणाऱ्या मित्राला द्या. त्याला जिथे अडखळायला होतं तिथे खूण करू द्या, मग मूळ शेजारी ठेवून बसा. 'कुळागर', 'खळं', 'मांगर' यांना प्रत्येक वेळी तळटीप लावायचा मोह आवरा. वाक्यातूनच कळेल अशी सोय करता येते. साहित्य अकादमीचं 'इंडियन लिटरेचर' हे द्वैमासिक भारतीय भाषांतली भाषांतरं छापतं. वर म्हटलेली ऑनलाइन नियतकालिकंही भाषांतरं घेतात. मेलसोबत मूळ मजकूर, परवानगी आणि मूळ लेखकाची तीन ओळींची ओळख जोडा.

७. लिटफेस्टला जायचं तर

जयपूरचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मी म्हणेन पहिल्यांदा तिथे जाऊ नका. लांब, महाग, आणि गर्दीत नवखा माणूस हरवतो.

मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून चालू आहे. तो जानेवारी अखेर-फेब्रुवारीच्या सुमारास असतो, त्यात साहित्याचा विभाग आहे आणि प्रवेशाला पैसे नाहीत. सीएसएमटीला उतरलं की चालत जाता येतं. दादर-सावंतवाडी गाडीने गेलात तर एक गंमत लक्षात ठेवा: या गाडीला तुतारी एक्स्प्रेस हे नाव २०१७ मध्ये केशवसुतांच्या कवितेवरूनच दिलं.

सिंधुदुर्गवाल्यांना गोवा जवळ. गोवा आर्ट्स अँड लिटरेचर फेस्टिव्हल २०१० मध्ये सुरू झाला, दोनापावलाच्या इंटरनॅशनल सेंटरमध्ये. महिना मागेपुढे होतो, आधी तारखा बघा. सावंतवाडीहून पणजीला एसटी आणि गोव्याची कदंब बस दोन्ही मिळतात. इथे लेखक चहाच्या रांगेत तुमच्या पुढे उभा असतो, म्हणून मला हा आवडतो.

कोझिकोडचा केरळ लिटरेचर फेस्टिव्हल जानेवारीत, चक्क समुद्रकिनाऱ्यावर भरतो. नेत्रावती आणि मंगला या दोन्ही गाड्या रत्नागिरीहून थेट कोझिकोडला जातात, रात्रभराचा प्रवास. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जानेवारीत त्या गाड्या भरलेल्या असतात, म्हणून महोत्सवाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच दिवशी तिकीट बघा आणि दोघं-तिघं मिळून जा, राहण्याचा खर्च वाटला जातो.

सगळी सत्रं गाठायच्या भानगडीत पडू नका. दिवसाला तीन बास. ज्या लेखकाचं सत्र आहे त्याचं काहीतरी आधी वाचून जा. सेल्फी मागणारे पन्नास असतात. त्याच्या पुस्तकातल्या एका पानाबद्दल विचारणारा तुम्ही असाल तर तो थांबून बोलतो. स्वतःच्या कवितांची फाइल त्याच्या हातात कोंबू नका. बहुतेक महोत्सवांना स्वयंसेवक लागतात, त्यासाठी महिना-दोन महिने आधी अर्ज निघतात. त्यात काम भरपूर आणि पैसे बहुधा नाहीत, पण पडद्यामागे काय चालतं ते दिसतं. अर्जात इंग्रजीसोबत मराठी आणि हिंदी येतं हे ठळक लिहा, आणि हजेरीत सूट हवी असेल तर जाण्याआधीच विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घ्या. परत आल्यावर ती सही मिळत नाही.